हॅस्ब्रोच्या मंडळींना खुलं पत्र: मोनोपॉलीच्या बॉक्सवर लिझी मॅगीचं नाव छापा

नमस्कार,

हे पत्र हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीच्या संचालकांना आणि तिथे मोनोपॉलीचं, म्हणजे पटावर जागा घेऊन भाडं वसूल करायच्या खेळाचं, काम बघणाऱ्या सगळ्यांना आहे, पण ज्यांनी ज्यांनी त्या पटावर कधी घरं बांधलीयत आणि दुसऱ्याच्या हॉटेलवर सोंगटी पडून ज्यांचं दिवाळं निघालंय त्या सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. मागणी आधीच सांगते म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. मोनोपॉलीच्या प्रत्येक बॉक्सवर आणि आतल्या नियमपुस्तिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईचं नाव छापा, मूळ खेळ तिचा होता हे स्पष्ट शब्दांत लिहा, आणि १९३५ पासून मोनोपॉली छापणाऱ्या पार्कर ब्रदर्स या घराण्याचा इतिहास सांगताना तो अर्धा सांगू नका.

मी बोर्ड गेम खेळणारी आणि त्यांचा इतिहास वाचणारी बाई आहे, तुमची शत्रू नाही. उलट पार्कर ब्रदर्सबद्दल मला मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटतंय. ज्या कंपनीबद्दल काहीच वाटत नाही तिच्यासाठी इतकं लांबलचक पत्र कोण लिहील.

तुम्ही म्हणाल की १९३५ मध्ये मॅगीचं पेटंट विकत घेऊन तिचं नाव गाळलं गेलं ते आम्ही केलं नाही, तेव्हा कंपनी पार्कर कुटुंबाची होती. बरोबर आहे. कुटुंबाने १९६८ मध्ये ती जनरल मिल्सला विकली, १९८५ मध्ये जनरल मिल्सने खेळण्यांचा धंदा वेगळा काढून केनर पार्कर नावाची कंपनी केली, १९८७ मध्ये ती टोंका या खेळण्यांच्या कंपनीने घेतली, आणि १९९१ मध्ये तुम्ही टोंका घेतलीत तेव्हा पार्कर ब्रदर्सही तुमच्याकडे आली. पण नाव घेतलं, खेळ घेतले, त्या खेळांवरचा नफा घेतला, तर मग त्या घराण्याने जे अर्धवट सोडलं ते पूर्ण करायची जबाबदारीही आपोआप आलीच ना. हा मुद्दा कायद्याचा नाहीच, मी कायद्याचं बोलतच नाहीये.

आता त्या घराण्याबद्दल थोडं, कारण ते समजल्याशिवाय माझं म्हणणं नीट समजणार नाही.

जॉर्ज पार्कर १८६६ मध्ये जन्मला, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा. १८८३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने बँकिंग नावाचा पत्त्यांचा खेळ काढला, बँकेकडून कर्ज घ्यायचं आणि पैसे वाढवत न्यायचे असा. त्या काळात अमेरिकेत घरगुती खेळ म्हणजे बहुतेक नीतीचे धडे असायचे, सद्गुणाच्या घरात आलात की पुढे, दुर्गुणाच्या घरात पडलात की मागे. सेलममधल्याच आइव्ह्ज कंपनीने १८४३ मध्ये काढलेला मॅन्शन ऑफ हॅपिनेस हा त्यातला सगळ्यात गाजलेला, आणि गंमत म्हणजे पुढे त्याचेही हक्क जॉर्जनेच घेतले. पण त्याचं स्वतःचं मत पक्कं होतं की खेळ मजेसाठी असतो, उपदेशासाठी नाही. बँकिंग घेऊन तो बॉस्टनच्या दोन प्रकाशकांकडे गेला, दोघांनी परत पाठवलं, तेव्हा मोठा भाऊ चार्ल्स म्हणाला की मग तूच छाप. साठवलेल्या पैशांतले ४० डॉलर घालून त्याने ५०० संच छापले, स्वतः फिरून विकले, जेमतेम डझनभर उरले आणि जवळपास १०० डॉलर नफा झाला. सोळा वर्षांच्या पोराने! १८८८ मध्ये चार्ल्स धंद्यात आला आणि नाव झालं पार्कर ब्रदर्स, पुढे तिसरा भाऊ एडवर्डही आला.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं तर त्याच्या नियमांचं. त्याने स्वतः शंभराहून जास्त खेळ केले आणि कंपनीच्या खेळांचे नियम तो स्वतः बसून लिहायचा, पुन्हा पुन्हा घासायचा, कारण त्याला माहीत होतं की लोकांनी बॉक्स उघडला आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं नाही तर तो खेळ कायमचा कपाटात जातो. ज्यांनी वाईट लिहिलेले नियम वाचत अख्खी संध्याकाळ घालवलीय त्यांना याची किंमत कळेल. १९०४ मध्ये पिट आला, त्यात सगळे एकाच वेळी ओरडून धान्याचे सौदे करतात. १९०६ मध्ये रूक आला, राजा राणी गुलाम नसलेले पत्ते, म्हणजे धार्मिक कारणाने ज्या घरांत नेहमीचे पत्ते चालत नव्हते त्यांनाही संध्याकाळी टेबलाभोवती बसता यावं, आणि तो प्रचंड खपला. १९०९ च्या सुमाराला लाकडी जिगसॉ पझलचं वेड आलं तेव्हा कारखान्याने बाकीचे खेळ बाजूला ठेवून फक्त पझल केली, ती कापणाऱ्या सगळ्या बायका असायच्या आणि एकेक तुकडा हाताने कापला जायचा. घरचा धंदा असल्यामुळेच असे निर्णय झटपट घेता येत होते असं मला वाटतं, भाऊ भाऊ बसले, ठरलं, झालं.

पण घरच्या धंद्याला घरातली माणसं लागतात. जॉर्जचे दोन्ही मुलगे तरुणपणीच गेले, एक १९१८ च्या फ्लूच्या साथीत आणि दुसरा विमान अपघातात. राहिली मुलगी सॅली. महामंदी आली, खेळ विकत घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते, कंपनी अगदी डबघाईला आली होती, आणि तेव्हा सॅलीचा नवरा रॉबर्ट बार्टन, जो पेशाने वकील होता, त्याने १९३३ मध्ये अध्यक्षपद घेतलं. म्हणजे ज्याला खेळांच्या धंद्याचा अनुभव नाही असा जावई, बुडायला आलेली सासऱ्याची कंपनी, आणि वर सासरा अजून ऑफिसात येतोय. ही परिस्थिती मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते समजून घेताना ही माणसं राक्षस नव्हती हे लक्षात ठेवायला हवं.

आता दुसरी गोष्ट, तीही १८६६ मध्येच सुरू होते. एलिझाबेथ मॅगी, सगळे तिला लिझी म्हणायचे, त्याच वर्षी इलिनॉयमधल्या मॅकूम गावात जन्मली. वडील वर्तमानपत्र चालवणारे, गुलामगिरीविरोधी, लिंकनच्या गाजलेल्या वादविवादांच्या काळात त्यांच्यासोबत फिरलेले. लिझी वॉशिंग्टनमध्ये स्टेनोग्राफर म्हणून काम करायची, कविता आणि गोष्टी लिहायची, १८९३ मध्ये टाइपरायटरमध्ये कागद सोपा सरकावा अशा सुधारणेचं पेटंट तिने घेतलं होतं, म्हणजे पेटंट काय असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ती हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्र्याची कट्टर अनुयायी होती. त्याचं म्हणणं असं की जमीन कोणी निर्माण केलेली नाही, तिची किंमत आजूबाजूच्या सगळ्या समाजामुळे वाढते, म्हणून कर लावायचाच तर तो जमिनीवर लावा, मेहनतीवर नको. हे भाषणं देऊन लोकांच्या गळी उतरत नाही हे लिझीने पाहिलं आणि तिने त्याचा खेळ केला.

द लँडलॉर्ड्स गेम. २३ मार्च १९०३ ला अर्ज, ५ जानेवारी १९०४ ला पेटंट, क्रमांक ७४८,६२६. चौकोनी पट, कडेने घरं, विकत घ्यायच्या आणि भाड्याने द्यायच्या जागा, चारही बाजूंना रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग, एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग, एका कोपऱ्यात थेट तुरुंगात जा, आणि पट पूर्ण फिरून आलात की श्रमाची मजुरी मिळते असा चौथा कोपरा. हे वर्णन वाचून तुमच्या डोळ्यांसमोर कुठला पट आला ते मी सांगायची गरजच नाही. पुढे तिने त्याला दोन प्रकारचे नियम दिले, एकात एकटा जिंकतो आणि बाकीचे कंगाल होतात, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळतो. तोच पट, तेच फासे, फक्त नियम बदलायचे आणि बघायचं की टेबलाभोवतीची माणसं कशी बदलतात. मला विचाराल तर खेळांच्या इतिहासात याहून हुशार कल्पना फार थोड्या आहेत.

हा खेळ दुकानांतून फारसा पसरला नाही, तो हातोहात पसरला. जमिनीवरच्या कराचं तत्त्व मानणाऱ्या लोकांनी डेलावेअरमध्ये आर्डेन नावाची वसाहत वसवली होती तिथे तो खेळला जायचा, प्राध्यापक तो विद्यार्थ्यांना शिकवायचे, विद्यार्थी मेणकापडावर किंवा लाकडावर स्वतः पट रंगवून घेऊन जायचे, प्रत्येक गावात आपापल्या रस्त्यांची नावं पडायची, आणि कधीतरी लोक त्याला नुसतं मोनोपॉली म्हणायला लागले. इंडियानापोलिसची एक शिक्षिका १९२९ च्या सुमाराला अटलांटिक सिटीला आली आणि तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मित्रमंडळींनी पटावर अटलांटिक सिटीचे रस्ते घातले, जागांना ठरलेल्या किमती लावल्या. तिथून तो फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात गेला, आणि चार्ल्स टॉड नावाच्या माणसाने तो आपल्या ओळखीच्या एका जोडप्याला शिकवला. त्यातला नवरा म्हणजे चार्ल्स डॅरो. त्याने टॉडकडून नियम लिहून मागून घेतले. टॉडने स्वतःच्या पटावर अटलांटिक सिटीजवळच्या मार्व्हेन गार्डन्स या वस्तीचं स्पेलिंग चुकवलं होतं, ती चूक डॅरोच्या पटावर जशीच्या तशी उतरली आणि तिथून तुमच्या पटावर आली. १९९५ मध्ये पार्कर ब्रदर्सने त्या चुकीच्या स्पेलिंगबद्दल तिथल्या रहिवाशांची माफी मागितली होती. स्पेलिंगबद्दल माफी मागता येते, मग बाईबद्दल का नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय.

डॅरोला नुसतं चोर म्हणून मी मोकळी होणार नाही, तो बेकार होता, घर चालवायचं होतं, त्याने पट देखणा केला, स्वतः संच बनवून फिलाडेल्फियाच्या मोठ्या दुकानात विकून दाखवले, ही मेहनत खरी आहे. पार्कर ब्रदर्सने आधी नाकारलं, मग विक्री पाहून मार्च १९३५ मध्ये घेतलं. आणि मग जे झालं ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्या वर्षी २,७८,००० संच, दुसऱ्या वर्षी साडेसतरा लाखांच्या वर. बुडणारं घराणं वाचलं. डॅरो खेळ बनवून लक्षाधीश होणारा पहिला माणूस ठरला.

आता इथे जरा थांबून तारखा बघा, कारण माझं सगळं म्हणणं या तारखांवर उभं आहे. डॅरोच्या नावाने पेटंट मिळालं ३१ डिसेंबर १९३५ ला. त्याच्या आधी, नोव्हेंबर १९३५ मध्ये, कंपनीने लिझी मॅगीकडून तिचं दुसरं, म्हणजे १९२४ मध्ये सुधारून घेतलेलं पेटंट विकत घेतलं. किंमत ५०० डॉलर. रॉयल्टी, म्हणजे प्रत्येक विक्रीमागचा वाटा, शून्य. म्हणजे मूळ कोणाचं आहे हे कंपनीला माहीत होतं म्हणून तर त्या वयस्कर बाईचा शोध घेतला गेला ना? इतकंच नाही, त्यांना ती आधीपासून माहीत होती. १९१० मध्ये पार्कर ब्रदर्सनेच तिचा मॉक ट्रायल नावाचा पत्त्यांचा खेळ छापला होता. लँडलॉर्ड्स गेमही तिने त्यांना दाखवला होता आणि तेव्हा तो नको म्हणून सांगितलं होतं. शिवाय बार्टन जुने हाताने बनवलेले पट शोधत होता, पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमधल्या एका माणसाला त्याने पटामागे ५० डॉलर देऊ केले, आणि बाजारात आलेला फायनान्स हा तसाच दुसरा खेळ १०,००० डॉलरला विकत घेतला. फायनान्सला दहा हजार आणि ज्या झाडाची ती फांदी त्या झाडाला पाचशे.

लिझीने पेटंट दिलं ते पैशासाठी नाही. तिला वाटलं की एवढी मोठी कंपनी आता आपला विचार घराघरात नेईल. कंपनीने तिचे आणखी दोन खेळ १९३७ मध्ये काढले, १९३९ मध्ये लँडलॉर्ड्स गेमही काढला, पण ते चालले नाहीत आणि त्या १९३९ च्या संचाच्या प्रती आज अगदी मोजक्या उरल्यात. मोनोपॉलीबरोबर मात्र डॅरोची गोष्ट गेली, मंदीत बेकार झालेल्या सेल्समनला घरी बसून सुचलेला खेळ, आणि ही गोष्ट पिढ्यानपिढ्या नियमांबरोबर वाचली गेली. लिझीला हे कळल्यावर जानेवारी १९३६ मध्ये ती वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांकडे गेली, आपले जुने पट हातात धरून फोटो काढून घेतला, त्यातल्या एका पटावर मोनोपॉली हा शब्द लिहिलेला सरळ दिसतो. छापून आलं, आणि विसरलं गेलं. १९४० च्या जनगणनेत तिने आपला व्यवसाय लिहिला, खेळ बनवणारी. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ मध्ये ती गेली. डॅरो १९६७ मध्ये गेला आणि १९७० मध्ये अटलांटिक सिटीत त्याच्या नावाची पाटी लागली.

हे सगळं बाहेर आलं ते कंपनीने सांगितलं म्हणून नाही. राल्फ आन्स्पाख नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ मध्ये अँटी-मोनोपॉली नावाचा खेळ काढला, त्या नावावरून कंपनीशी खटला झाला, आणि स्वतःचा बचाव करताना तो उकरत उकरत लिझीच्या पेटंटपर्यंत पोहोचला. म्हातारे झालेले क्वेकर खेळाडू शोधले, टॉडला शोधला, सगळ्यांच्या साक्षी झाल्या, बार्टनलाही साक्ष द्यावी लागली. खालच्या कोर्टात तो हरला आणि १९७७ मध्ये त्या प्राध्यापकाच्या खेळाचे ४०,००० संच मिनेसोटात मँकेटोजवळ कचऱ्याच्या डेपोत पुरले गेले. हे वाचताना मला खरंच पोटात तुटतं, खेळ पुरायचा? पुढे वरच्या कोर्टात त्याच्या बाजूने निकाल लागला, १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदलायला नकार दिला, मग १९८४ मध्ये ट्रेडमार्कचा कायदाच बदलला गेला, ती सगळी वेगळीच कहाणी आहे. पण तो खटला झाला नसता तर आज मलाही डॅरोचीच गोष्ट माहीत असती आणि मी ती कौतुकाने इतरांना सांगत असते.

म्हणजे तुम्ही १९९१ मध्ये ही कंपनी घेतलीत तेव्हा हे सगळं कोर्टाच्या कागदांत उघडं होतं. आणि तरी २०१९ मध्ये तुम्ही मिस मोनोपॉली काढलीत, बायकांनी लावलेल्या शोधांचा गौरव करणारा खेळ म्हणून, त्यात वायफाय आहे, चॉकलेट चिप कुकी आहे, बायकांना जास्त पैसे मिळतात, आणि ज्या बाईच्या पटावर हे सगळं मांडलंय तिचाच उल्लेख नाही. तेव्हा लोकांनी खूप लिहिलं याबद्दल. ते वाचून कोणीतरी तुमच्या ऑफिसात काहीतरी ठरवेल असं मला वाटलं होतं.

आता तुमच्याच घराण्याबद्दल बोलते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं उत्तर तिथेच आहे. हॅस्ब्रो हे नावच हॅसेनफेल्ड ब्रदर्सचं आहे, १९२३ मध्ये भावांनी सुरू केलेला धंदा, आधी कापडाचे उरलेले तुकडे, मग पेन्सिलींचे डबे, मग खेळणी. १९५२ मध्ये जॉर्ज लर्नर नावाचा माणूस बटाट्याला नाक डोळे लावायची कल्पना घेऊन आला, मिस्टर पोटॅटो हेड. तुमच्या पूर्वजांनी त्याला किती आगाऊ दिले? ५०० डॉलर. अगदी तेवढेच, लिझीला सतरा वर्षांपूर्वी मिळाले तेवढेच. पण सोबत प्रत्येक संचामागे पाच टक्के रॉयल्टी दिली. घरचाच धंदा, भावांचाच धंदा, तसाच एक बाहेरचा माणूस कल्पना घेऊन दारात आलेला, आणि कागदावर एक ओळ जास्त. ती ओळ लिहिता येत होती, धंदा बुडत नव्हता, हे तुम्हीच दाखवून दिलंय.

काही लोक म्हणतील की तिने पेटंट विकलं, सही केली, विषय संपला. पैशाचा विषय संपला, मान्य, मी पैसे मागतच नाहीये. पण पेटंट विकलं म्हणून आई बदलत नाही. आणखी काही लोक म्हणतील की आजचा मोनोपॉली एकट्या लिझीचा नाही, शेकडो अनामिक खेळाडूंनी तो घडवला, अटलांटिक सिटीच्या मंडळींनी घडवला, डॅरोने त्याला रूप दिलं, पार्करच्या लोकांनी नियम घासून दिले. हे तर शंभर टक्के खरं आहे! मग तेच छापा ना. ही खरी गोष्ट त्या बेकार सेल्समनच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे, तीस वर्षं लोकांच्या हातांनी रंगवलेल्या पटांवरून गावोगाव फिरत आलेला खेळ, ज्याची सुरुवात एका स्टेनोग्राफर बाईने केली. कुठल्याही मार्केटिंगवाल्याला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही.

आणि नाव छापायची पद्धत ही काही माझी नवी कल्पना नाही. ज्या १८८३ मध्ये जॉर्ज पार्करने बँकिंग छापला त्याच वर्षी जर्मनीत राव्हेन्सबर्ग गावात ओटो मायरने आपली प्रकाशन कंपनी सुरू केली, तीच आजची राव्हेन्सबर्गर, अजूनही कुटुंबाकडेच आहे. जर्मनीतही खेळ बनवणाऱ्यांना नावासाठी भांडावं लागलं. १९८८ मध्ये न्यूरेम्बर्गच्या खेळणी मेळ्यात काही डिझायनर एकत्र बसले आणि बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर त्यांनी लिहून सह्या केल्या की बॉक्सवर आमचं नाव नसेल तर आम्ही कोणालाच खेळ देणार नाही. राइनहोल्ड विटिग, वोल्फगांग क्रेमर, अ‍ॅलेक्स रँडॉल्फ यांच्यासारखी माणसं त्यात होती. आज तुम्ही कुठल्याही चांगल्या खेळांच्या दुकानात जा, बॉक्सवर डिझायनरचं नाव असतं, लोक नाव बघून खेळ घेतात, आणि त्याने कुठल्या कंपनीचं नुकसान झालंय असं काही दिसत नाही. आणि जॉर्ज पार्कर तर स्वतःच खेळ बनवणारा होता, दोन प्रकाशकांनी परत पाठवलेला. त्याच्या खेळावर दुसऱ्या कोणाचं नाव छापलं असतं तर तो सोळा वर्षांचा मुलगा गप्प बसला असता असं मला नाही वाटत.

सेलमचा तो कारखाना १९९१ मध्येच बंद झाला. पार्कर ब्रदर्स हे नावही हळूहळू बॉक्सवरून जवळजवळ गेलं. म्हणजे ज्या घराण्याने हा धंदा उभा केला तेही आता विस्मरणात चाललंय, आणि माझं म्हणणं असंय की लिझीचं नाव परत आणाल तेव्हाच पार्करांचंही खरं नाव परत येईल, कारण आज त्यांच्याबद्दल बोलायला सुरुवात केली की लोक लगेच पाचशे डॉलरवर येतात आणि रूक, पिट, ती हाताने कापलेली पझल, ते घासून घासून लिहिलेले नियम, सगळं बाजूला पडतं. त्यांच्यावरही हा अन्यायच आहे.

तर काय करायचं ते सांगते. नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर खेळाचा खरा इतिहास द्या, एक पान पुरे, आणि बॉक्सच्या बाजूला एक ओळ, जिथे इतकी कायदेशीर बारीक अक्षरं मावतात तिथे ही मावेलच. लँडलॉर्ड्स गेमची दोन्ही नियमांसकट एक नीट आवृत्ती काढा, साधी, परवडणारी, कलेक्टर लोकांसाठी महागडी नको, शाळेत शिक्षकांना वापरता आली पाहिजे, कारण ती त्याच कामासाठी बनवली होती. पार्कर ब्रदर्सचे जे जुने कागद तुमच्याकडे असतील, पत्रव्यवहार, करार, नियमांचे कच्चे खर्डे, ते संशोधकांना खुले करा. रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियममध्ये डॅरोने मेणकापडावर केलेला गोल पट आहे, तो बघायला लोक जातात, तसे हे कागदही बघायला जातील. आणि यापुढे मोनोपॉलीचा कुठला वाढदिवस साजरा कराल तेव्हा १९३५ पासून मोजू नका, १९०४ पासून मोजा.

ओळ काय छापायची यात तुमचा वेळ जायला नको म्हणून मीच सुचवते, तुमच्या वकिलांना दाखवून हवी तशी बदला पण नाव आणि वर्ष काढू नका: "एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या द लँडलॉर्ड्स गेमवर आधारित. अटलांटिक सिटीच्या खेळाडूंनी आणि चार्ल्स डॅरो यांनी रूप दिलेला, १९३५ पासून पार्कर ब्रदर्सने छापलेला."

उत्तर द्याल तर जाहीरपणे द्या, मला एकटीला खाजगी पत्र नको. हो म्हणणार असाल तर कुठल्या आवृत्तीपासून ते सांगा, आणि नाही म्हणणार असाल तर का नाही तेही सांगा.

आपली,
एक खेळाडू